मातीचा मुलाहिजा

घरातल्या काचेच्या पेटीतला तिसरा बेडूक मेला, तेव्हा कोर्टातून निवृत्त झालेल्या कारकुनांनी त्याला साबणाच्या खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी फुप्फुस उघडून दोऱ्यासारखा काळपट जंत चिमट्याने उचलून दाखवला.

"याची पिल्लं विष्ठेतून मातीत जातात आणि कातडीतून पुन्हा अंगात शिरतात. उरलेल्यांना वेगवेगळ्या डब्यांत ओल्या कागदावर ठेवा, पाठीवर औषधाचा थेंब सोडा. आणि पेटीतली माती आधी फेका."

"औषध मान्य. मातीविरुद्ध पुरावा काय?"

माती पत्नीने भरली होती. बेडूकही तिचेच, ती असेपर्यंत कारकुनांना ते डोळ्यांसमोर नको असत, आणि ती गेल्यावर तेच त्यांचे सोबती झाले होते.

स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांना भोके पडली. "आता साखर कशात ठेवू?" मुलगी करवादली. "मुंग्यांना आमंत्रणच धाडा ना, बाबा!"

औषधाने बेडकांना हुशारी आली. नव्या मातीच्या पेटीत ते परतले आणि पुन्हा तोंड वासून धापा टाकू लागले. पुन्हा डबे, पुन्हा थेंब, पुन्हा पेटी. डॉक्टरांना औषधाचाच संशय येऊ लागला. अखेर एकच बेडूक उरला, आणि त्याच्या अंगावर बादलीतली माती हळुवार भुरभुरवताना मुलीने वडिलांना पकडले.

"ही जुनी माती? फेकली होतीत ना?"

"बाजूला काढली होती. चिमूटभरच घालतो. तुझ्या आईचा हात लागलाय तिला."

"आईची कुठली? ती गेली तेव्हा पेटीला वास सुटला होता, तुम्ही अंथरूण सोडत नव्हतात. मीच सगळी बदलली. ही मागच्या डबक्याकाठची."

"म्हणजे जंत तू आणलेस?"

"आणले मी. सांभाळले तुम्ही."

यावर अपील नव्हते. कारकुनांनी बादली स्वतःच्या हाताने रिती केली.

पुढे तपासणीत बेडूक निर्दोष ठरला. "आता नवी माती घालायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले.

"कोणाच्या हातची?" कारकुनांनी विचारले. डॉक्टर हसले, मुलगी हसली नाही.

घरी येताच त्यांनी विकतच्या मातीची पिशवी तिच्यापुढे सरकवली आणि पेटीशेजारी खुर्ची ओढली.

"तू भर. मी बघतो."

"पुरावा म्हणून?"

"नाही गं. तुझी आई भरत होती, तेव्हा मी बघितलंच नव्हतं."