आवाजाची शिफ्ट

"आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या मला. आवाजाला कान धरून तुमच्यासमोर उभा करतो!"

भैरू सोनटक्के हे भर पार्किंगमध्ये, बी विंगच्या चाळीस-पन्नास माणसांसमोर म्हणाला, आणि म्हणताना त्याने छातीवर हातही मारून घेतला. तसा त्याचा अधिकारच होता. चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत तो एकोणीस वर्षं मेंटेनन्सला होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावली, की आतलं कुठलं बेअरिंग कधी राम म्हणणार, हे तो ज्योतिष्यापेक्षा खात्रीने सांगे.

चऱ्होलीच्या त्या बिल्डिंगला महिनाभर एका आवाजाने पछाडलं होतं. धड ऐकू यायचा नाही, पण जाणवायचा. फळीवरची भांडी किणकिणायची, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, पोटात उगाच गुरगुरल्यासारखं व्हायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी म्हणे भूकंप, कुणी म्हणे बोअरवेलचा पंप. एकाने लिहिलं, 'मेट्रोचं खोदकाम आपल्याकडे पोचलं वाटतं!' त्यावर लगेच उत्तर आलं, 'पोचलं असतं तर आधी फ्लेक्स लागले असते.'

"वा! शाब्बास!" चेअरमन सयाजीराव भैरूला म्हणाले. "नाव काय म्हणालात तुमचं?"

तीन वर्षं भैरू त्याच बिल्डिंगमध्ये राहत होता, सातशे चारमध्ये! पण लिफ्टमध्ये लोक मोबाइलकडे बघत, आणि त्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर 'सातशे चार बॅचलर' या नावाने सेव्ह होता. वय त्रेचाळीस. आई होती तोवर उदगीरहून मुलींचे फोटो यायचे. आई गेली आणि फोटोही थांबले. आता ड्यूटीवरून आला की तो कुलूप उघडून फ्रिजला सांगायचा, "आलो रे." फ्रिज घरघरायचा. घरात त्याला ओ देणारं तेवढंच एक होतं.

अशा माणसाकडे एकदम पन्नास माणसं आशेने बघायला लागली, तर तो बढाई मारणार नाही तर काय करणार?

आता मंडळी, आवाज कुठून येत होता ते सांगून टाकतो. मात्र त्या दिवशी भैरूला ते खरंच माहीत नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवा.

बिल्डिंगच्या मागे रहिमानभाईंचं शेड होतं. अर्ध्यात गॅरेज, अर्ध्यात भंगार. दीडेक महिन्यापूर्वी लोणावळ्याचं एक हॉटेल बंद पडलं, तेव्हा तिथल्या ऑर्केस्ट्राचं सामान या शेडमध्ये येऊन पडलं. भैरू गाडीचा क्लच दाखवायला तिथे गेला होता.

"गिटार घेता का, भाऊ?" रहिमानभाईंनी विचारलं.

"मला कुठे वाजवता येते!"

"मग ही घ्या. बास आहे. चारच तारा. गाणं बाकीचे वाजवतात, ही नुसती खालून धरून ठेवते."

"म्हणजे मेंटेनन्स डिपार्टमेंट!"

"बरोबर! नीट चाललंय तोवर कुणी विचारत नाही."

भैरूने क्लच राहू दिला आणि स्पीकरसकट बास घरी आणली.

मग फोनवर व्हिडिओ बघून त्याने अभ्यासच सुरू केला. पूर्वीची बास म्हणजे माणसापेक्षा उंच, कपाटाएवढं लाकडी धूड. उभ्याने वाजवायचं आणि बोट कुठे टेकायचं ते अंदाजाने. १९५१ साली अमेरिकेतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने सरळ एक जाड फळी कापली, लांब मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे बोट चुकायला नको, आणि ते धूड गळ्यात अडकवण्याजोगं करून टाकलं. त्या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नसे म्हणे! हे ऐकून भैरूला भलताच धीर आला.

भैरूची बास म्हणजे त्याच पहिल्या नमुन्याची नक्कल. चौकोनी कडांची फळी! आठवडाभरात त्याची बरगडी काळीनिळी झाली. मेंटेनन्सचा माणूस गप्प बसतो होय? त्याने कानस घेतली, कडा घासल्या आणि पोटाकडे छान उतार काढला. नंतर व्हिडिओत बघतो तर काय, अमेरिकावाल्यांनीही चोपन्न साली हेच केलेलं! मग त्याने तारांखालच्या कॉइलला हात घातला. ती एकटीच असल्यामुळे वाजवलं नाही तरी जुन्या रेडिओसारखी गुणगुणत बसायची. भैरूने पंख्याची मोटर भरावी तशा दोन छोट्या कॉइल भरल्या आणि एकमेकींच्या उलट जोडल्या. एकीची गुणगुण दुसरीने खाल्ली! सत्तावन्न साली त्यांनीही तेच केलं होतं.

"एकटी असली की कण्हते, जोडीला कुणी आलं की गप्प!" हा शोध कुणाला तरी सांगावा असं त्याला फार वाटलं. शेवटी फ्रिजला सांगितला.

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो खिडक्या लावून, आवाज बारीक ठेवून वाजवी. स्पीकर मात्र कोपऱ्यात, थेट फरशीवर. खालचे सूर खिडकीतून जात नाहीत, ते फरशीतून, पिलरमधून, पाइपातून जातात, हे बेअरिंग ऐकणाऱ्या माणसाला कळायला नको? पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवसापासून भैरू ड्यूटी आटोपली की स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून तपासाला निघू लागला. आणि काय सांगू, दारं उघडू लागली! पाचशे दोनमध्ये पोहे, तीनशे एकमध्ये शेंगदाण्याचा लाडू, जिथे तिथे "या, या, सोनटक्के!" चार दिवसांत त्याने जेवढा चहा घेतला, तेवढा तीन वर्षांत घेतला नव्हता.

सगळ्यात जास्त तक्रारी होत्या सहाशे चारच्या, म्हणजे बरोबर त्याच्या खालच्या घरातल्या. तिथे यशोदाबाई एकट्या राहत. बिल्डिंग उभी होती ती त्यांच्याच हरभऱ्याच्या वावरात, आणि त्या बदल्यात हा फ्लॅट मिळाला होता. मुलगा हिंजवडीला आयटीत.

"तिथनं हितं यायला दोन तास लागत्यात म्हनं," त्या म्हणाल्या. "बैलगाडीनं लवकर आला असता."

"आवाज कुठे येतो, आजी?"

"ह्या फुलपात्रात. किन्न किन्न वाजतंय."

भैरूने अर्धा तास भिंतीला ड्रायव्हर लावून ऐकलं. काहीच नाही.

"तू आलास की गप बसतंय मेलं. भ्यालंय तुला. बस, च्या ठिवते."

प्रत्येक घरात हेच! भैरू आला की आवाज बंद. भैरूला त्याचं नवल वाटलं नाही, कारण मेंटेनन्सवाला समोर आला की बिघडलेलं मशीनही शहाण्यासारखं चालतं. तो निराश होऊन घरी जाई, डोकं शांत करायला बास मांडीवर घेई, आणि अर्ध्या तासात ग्रुपवर मेसेज येई, 'आला! आला आवाज!!'

"च्यायला!" भैरू बास खाली ठेवत हळहळे. "आणखी पाच मिनिटं थांबायला हवं होतं!"

आठव्या दिवशी पुन्हा मीटिंग भरली. टूलरूममधून रिटायर झालेले कोंडाजी गेटवरचं तक्रारींचं रजिस्टर घेऊन उभे राहिले. आयुष्यभर मायक्रोमीटर धरलेला माणूस, त्यांनी महिन्याभराच्या वेळा ओळीने वाचून काढल्या.

"एक आठवडा संध्याकाळी पाच. पुढचा आठवडा सकाळी अकरा. त्याच्या पुढचा दुपारी चार. आणि परत पाच! लक्षात येतंय का, राव? हा आवाज शिफ्टला जातो!"

"आणि गुरुवारी?" सयाजीरावांनी विचारलं.

"गुरुवारी दिवसभर! त्याला वीकली ऑफ असतो!"

भैरू बोटांवर हिशोब करू लागला. फर्स्ट शिफ्ट करून तो पाचला घरी येई. सेकंडच्या आठवड्यात सकाळ मोकळी. नाइट असली की झोप व्हायला दुपारचे चार. आणि गुरुवार! तो तर त्याचाच वीकली ऑफ!

"याचा अर्थ," कोंडाजी म्हणाले, "कुणीतरी कंपनी कामगार फावल्या वेळात चोरून मशीन चालवतोय. आणि मशीन चालवायला जागा कुठे आहे? मागच्या शेडमध्ये!"

भैरूने खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात सयाजीरावांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "सोनटक्के, तुमच्या तपासामुळे हे झालं बरं का! रविवारी आमच्याकडे मटणाला यायचं."

तीन वर्षांतलं पहिलं आमंत्रण! आता खरं सांगितलं तर उघडलेली सगळी दारं पुन्हा लागणार. भैरूने तोंड मिटून घेतलं.

वरात तशीच शेडवर गेली. रहिमानभाई ग्रीस लागलेला बनियन घालून एका स्कूटरखाली आडवे होते. ते उठून बसले.

"माझा कॉम्प्रेसर दोन महिने बंद पडलाय, साहेब. हात लावून बघा, थंडगार आहे."

"मग आवाज कुणाचा?" सयाजीराव गरजले. "खरं सांगा, नाहीतर उद्याच महापालिकेत अर्ज देतो. शेड सील होईल!"

रहिमानभाईंनी घोळक्यात भैरूला पाहिलं. बास त्यांनीच विकली होती, त्यांना उमगायला कितीसा वेळ लागणार? भैरू स्वतःच्या चपलांकडे बघू लागला.

"मला नाही माहीत, साहेब," रहिमानभाई शांतपणे म्हणाले. "दमून आलात, चहा घ्या."

आणि पहिला कप त्यांनी भैरूच्या हातात दिला. आठ दिवसांत एवढा चहा पचवलेल्या माणसाच्या घशाखाली हा एक घोट काही उतरेना.

"थांबा!" तो ओरडला. "आवाज मीच आहे!"

मग सगळी मिरवणूक पार्किंगमध्ये परत आली आणि भैरूने स्पीकरसकट बास खाली आणली. कोंडाजींनी ती चष्मा वर करून एखाद्या पार्टसारखी तपासली.

"हा उतार कानशीनं काढलात? मूळ ड्रॉइंगमध्ये होता?"

"नव्हता. चोपन्नच्या रिव्हिजनला आला."

"आणि ह्या कॉइल?"

"सत्तावन्नची रिव्हिजन. पुढं साठ साली त्यांनी कंबरही तिरकी केली, बसून वाजवताना मांडीवर नीट बसावी म्हणून. मी अजून तिथवर पोचलो नाही."

"फिनिश चांगलंय," कोंडाजी म्हणाले. भैरूचा जीव जरा भांड्यात पडतोय तोच सयाजीराव बोलले, "वाजवा बघू!"

भैरूने वाजवली. ढुम्... ढुम्... ढुढुम्... ढुम्. लोक वाट बघत राहिले.

"आणि गाणं?"

"गाणं बाकीचे वाजवतात. ही खालून धरून ठेवते."

"मग बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे..." भैरू म्हणाला, "बाकीचे नाहीत."

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच. भैरूही हसला, कारण न हसणारा तो एकटाच उरला असता, आणि एकटं उरायचा त्याला आता मनस्वी कंटाळा आला होता.

कुणी रागावलं नाही, हेच वाईट झालं! भांडण झालं असतं तर निदान लोक दारावर तरी आले असते. 'स्पीकरखाली रबर टाका' एवढं सांगून सयाजीरावांनी विषय संपवला. ग्रुपवर 'आवाज सापडला' म्हणून हात जोडल्याची चित्रं पडली. रविवारी मटणाचा वास त्यांच्या चौथ्या मजल्यावरून सातव्यापर्यंत आला, पण बोलावणं काही आलं नाही. भैरूने बास रहिमानभाईंकडे नेऊन ठेवली.

"विकणार नाही," ते म्हणाले. "तारा काढून टांगून ठेवतो. मन झालं की या."

आठ दिवस गेले. लिफ्टमध्ये लोक पुन्हा मोबाइलकडे बघू लागले. भैरू कुलूप उघडून म्हणे, "आलो रे." फ्रिज घरघरे.

नवव्या दिवशी, बुधवारी सकाळी दूध घेऊन येताना वॉचमनने त्याला गेटवर अडवलं. "साहेब, रजिस्टरमध्ये तक्रार आहे. सहाशे चार. परत आवाज आला म्हणे."

"अशक्य!" भैरू म्हणाला. बास शेडमध्ये, तीही तारांशिवाय. म्हणजे इमारतीत खरोखरच दुसरा आवाज होता! सवयीने खिशात असलेला ड्रायव्हर चाचपत, रजिस्टर काखोटीला मारून तो सहाव्या मजल्यावर जिन्यानेच धावला. यशोदाबाईंनी दार उघडंच ठेवलं होतं. भैरूने भिंत ऐकली, पाइप ऐकला, फरशीवर आडवं होऊन फरशी ऐकली.

"आजी, काहीसुद्धा नाही."

"आसं कसं न्हाई?" यशोदाबाईंनी फुलपात्र पुढे ओढलं आणि नखाने टिचकी मारली. किन्न! "ह्ये बघ. आला का न्हाई?"

भैरू फरशीवर उठून बसला. त्या गॅसकडे वळल्या, चहाचं आधण आधीच उकळत होतं.

"त्ये तुझं ढुमढुम परत घिऊन ये," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "वर कुनी हाय आसं तरी वाटायचं. घर लई गप झालंय."

भैरूने रजिस्टर उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"तक्रार तर नोंदवायला पाहिजे, आजी. वेळ काय लिहू?"

"तुझी आता कंची शिफ्ट हाय?"

"सेकंड."

"मग लिव्ह, सकाळी अकरा." यशोदाबाईंनी त्याच्यासमोर कप ठेवला. "आन उद्या गुरुवार. उद्या दिसभर लिव्ह!"