भिंगारदिवे सरांची कादंबरी चौरंगावर बसते

गटचर्चा म्हणजे काय असते, हे कर्जत तालुक्याला पहिल्यांदा दाखवणारा माणूस म्हणून आपलं नाव निघणार, याबद्दल प्राध्यापक शलमोन भिंगारदिवे यांना तिळमात्र शंका नव्हती. बुधवारी सकाळीच त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर मूठ आपटली.

"सर, विद्यापीठाची समिती शनिवारी कशाला, आजच येऊ द्या! माझी अकरा पोरं अशी बोलतील, अशी बोलतील, की पुण्याची माणसं वह्या काढून लिहून घेतील!"

"टेबलाचा पाय मोडलाय. आपटू नका," प्राचार्य म्हणाले. ते स्वतः तीन वर्षं 'प्रभारी' होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा त्यांना फारसा आनंद होत नसे.

सरही हंगामीच होते. शनिवारी समिती त्यांचा तास बघणार, तिला तो पटला तर सर कायम होणार, आणि सर कायम झाले तरच कृपाच्या वडिलांच्या तोंडून लग्नाची तारीख निघणार! कृपा नगरला शाळेत शिकवायची. तिचे वडील निवृत्त हेडमास्तर. त्यांनी सरांना चहा पाजून स्वच्छ सांगितलं होतं, "मुलगा चांगला आहे. पण हंगामी माणसाला मी भाड्याने सायकलसुद्धा देणार नाही." त्याला आता दोन वर्षं झाली होती.

म्हणून सरांनी उन्हाळ्यात पुण्याच्या शिबिरात जाऊन गटचर्चेची पद्धत शिकून घेतली. मुलांनी वर्तुळात बसायचं. एकाने उतारा वाचायचा, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, तिसऱ्याने शंका काढायची. शिक्षकाने तोंड मिटून बसायचं. शिबिरातल्या तज्ज्ञांच्या मते ही पद्धत अगदी नवी होती.

अभ्यासक्रमाला कादंबरी लागली होती ती एका साधकाची. निरंजन नावाचा पुण्यातला कारकून एके सकाळी सायकलला कुलूप लावतो आणि सत्याच्या शोधात निघून जातो. मग तीनशे बारा पानं तो डोंगर, मठ, नदीकाठ असं हिंडतो आणि भेटेल त्याला "मी कोण?" असं विचारतो. कुणीही त्याला धड उत्तर देत नाही. सरांच्या वर्गाचंही तसंच होतं. महिनाभर सर विचारत होते आणि अकराच्या अकरा तोंडं बंद होती. प्रतही एकच, सरांची स्वतःची. बाकीच्या नगरच्या दुकानदाराकडून "येतायत, येतायत" अशा येत होत्या.

त्यात कॉलेजची इमारत जोत्यापर्यंत येऊन थांबलेली. मराठीचा वर्ग भरायचा कानिफनाथाच्या देवळाशेजारच्या धर्मशाळेत. आणि महिना होता श्रावण! यातला धोका शहाण्या माणसाच्या लक्षात आला असता, पण सर शिबिराहून आलेले होते.

त्याच दुपारी त्यांनी मुलांना गोल बसवलं आणि पुस्तक गहिनीनाथच्या हातात दिलं. पोरगा खणखणीत आवाजाचा. त्याचे वडील दर श्रावणात नाथांची पोथी वाचत आणि मोठ्याने वाचायची दुसरी कुठली तऱ्हा गहिनीनाथला ठाऊकच नव्हती. त्याने मांडी घातली, पुस्तक कपाळाला लावलं आणि सूर धरला.

"निरंजनाने सा-य-क-ल-ला... कुलूप लावि-ले-ए..."

"अरे, साधं वाच!"

"साधंच वाचतोय सर," गहिनीनाथ म्हणाला आणि पुढचं वाक्य आणखी वरच्या पट्टीत लावलं.

तिसऱ्या पानाला भीमा गुरव डोकावला. पाचव्या पानाला त्याने गुपचूप आत येऊन चौरंग मांडला, वर लाल फडकं अंथरलं आणि गहिनीनाथच्या हातातलं पुस्तक वाचता वाचताच अलगद त्यावर ठेवलं. दहाव्या पानाला समई लागली. पंधराव्या पानाला गोजरबाई आल्या, मागे आठ-दहा बायका. गोजरबाई म्हणजे गावातल्या यच्चयावत पोथ्यांचं शेवटचं कोर्ट!

"कंची पोथी लावली रं भीमा?"

"नवी हाय. निरंजननाथाची."

"अहो, पोथी नाही ही! कादंबरी आहे!" सर उठून उभे राहिले.

"आसंल," असं म्हणून गोजरबाईंनी मुखपृष्ठाला हळद-कुंकू वाहिलं आणि ऐसपैस बसल्या. "खाली बसा मास्तर. वाचन चालू आसताना हुबं ऱ्हाऊ न्हाई."

सर बसले! तास संपल्यावर मात्र ते ताडकन उठले आणि पुस्तक उचलायला वाकले.

"हां! हात लावू नगा!" गोजरबाई कडाडल्या. "एकदा चौरंगावर बसल्याली पोथी समाप्तीबिगर उठत न्हाई!"

"माझं पुस्तक आहे ते!"

"पोथी कुना एकाची आसती व्हय?"

"अहो, मी ख्रिस्ती आहे हो!"

"मंग? तुमच्यात अर्ध्यावर उठवत्यात का?"

उठवत कसले! सरांचे वडील योहान मास्तर बायबलचा अध्याय संपल्याशिवाय घरात कुणाला ताटावर बसू देत नसत. सरांचं अर्धं लहानपण थंड भाकरी खाण्यात गेलं होतं.

ते तरातरा प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, "इमारतीची जागा गावानं दिलीय. गावाला दुखवू नका. शनिवारच्या आत संपवा म्हणजे झालं."

मग काय! गुरुवारी सकाळी आठपासून गहिनीनाथने बैठक मारली. सरांना इतर वर्गांवर तास होते, त्यामुळे ते मधूनमधून धावत येत. प्रत्येक वेळी धर्मशाळेत बायका वाढलेल्या असत. निरंजन उपाशी राहिला की "अगं बया!" होई, त्याला डोंगरात ताप भरला की पदर डोळ्याला लागत. आणि सरांची अकरा पोरं मात्र मुखस्तंभ! त्यांच्यातली एकुलती एक मुलगी चांगुणा, ती तर खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत बसलेली.

शुक्रवारी दुपारी सर उंबऱ्यात आले आणि त्यांच्या कानावर आलं, "निरंजन खडकावर बैस-ला-आ... हा प्रश्न परीक्षेत हम-खा-स..."

पुस्तकाच्या समासात सरांनी पेन्सिलीने टिपणं केली होती. तीसुद्धा वाचली जात होती!

"गहिनीनाथ! बाजूचं पेन्सिलीचं वाचू नकोस!"

"सर, पोथीतलं अक्षर गाळलं तर पाप लागतं. आमचे वडील—"

"अक्षर गाळायचं न्हाई!" गोजरबाईंनी निकाल दिला. गहिनीनाथ पुढे वाचू लागला.

"निरंजनाने अंधारात विचारि-ले, मी को-ण... कृपाचे पत्र आले. रडली अस-णा-र... अजून किती वाट पाहायला ला-वू..."

सरांना एकदम घाम फुटला. गेल्या दोन वर्षांत त्या पुस्तकाच्या समासात आपण आणखी काय काय लिहिलंय, ते त्यांना आठवेना. आठवलं तेवढं फार वाईट होतं.

"किरपा कोन गं?" एका बाईने विचारलं.

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. "माझी होणारी बायको" असं म्हणायला तीन शब्द पुरे होते. पण समोर अकरा विद्यार्थी बसलेले! सरांनी सुचेल ते सांगितलं.

"ती... म्हणजे निरंजनाची... असं समजा."

"आन तिला सोडून ह्यो डोंगरात हिंडतोय?" गोजरबाईंचा आवाज चिरकला. "मुडदा बशिवला त्याचा!"

त्या क्षणापासून निरंजनाचा शोध संपला आणि गावाने कृपाची काळजी सुरू केली. निरंजनाला महंत भेटो, पूर येवो, साक्षात्काराचा भास होवो, कुणाला काही नाही. "ते आसू दे. किरपाचं काय झालं?" समासात दहा-बारा पानांनी कुठे ती उगवली की गहिनीनाथ तेवढं दोनदा वाचायचा. मागणीच तशी होती!

शनिवारी दहापर्यंत समाप्ती उरकायची आणि अकराला समितीसमोर रीतसर चर्चा, असा सरांचा बेत होता. समिती साडेनऊलाच आली! जीपमधून तीन पाहुणे उतरले. त्यात अध्यक्ष म्हणजे जाड चष्म्याचे एक डॉक्टर. हीच कादंबरी त्यांनी पुण्यात बारा वर्षं शिकवली होती. भीमा गुरवाने तिघांना चपला काढायला लावल्या, कपाळाला भस्म लावलं आणि बायकांना सरकवून पुढे बसवलं. मागे मोठ्या कढईत लापशी शिजत होती, कारण समाप्ती म्हटलं की प्रसाद आला. प्राचार्य खांबाआड गेले ते गेलेच.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी कुजबुजत विचारलं.

"गटचर्चा," सर म्हणाले. ते स्वतःच्या आवाजाने दचकले.

गहिनीनाथ शेवटच्या पानावर होता. "निरंजन नदीकाठी बैस-ला... पलीकडे दिवे लाग-ले... त्याने मागे पाहिले नाही, पुढेही पाहिले ना-ही." त्याने पुस्तक मिटलं. "समाप्त!"

कुणीच हललं नाही.

"फुडं?" गोजरबाई म्हणाल्या.

"संपली आजी."

"संपली मंजी? गुरू भेटला?"

"नाही."

"घरला गेला?"

"ते लेखकाने वाचकांवर सोपवलंय," सर मध्ये पडले.

"आमच्यावर? आन त्यानं काय केलं मंग तीनशे पानं?" गोजरबाई उसळल्या. "न्हाई मास्तर, हे चालायचं न्हाई! त्या पोरीनं कवर वाट बघावी? त्यानं उठावं आन गप घरला जावं!"

"का जावं?"

आवाज कुठून आला, ते आधी कुणाला कळेना. चांगुणा उभी राहिली होती. सतरंजीचा धागा अजून तिच्या बोटाला होता.

"का जावं त्यानं, आजी? त्याला प्रश्न पडलाय. घरी बसून तो सुटला असता तर गेला असता का?"

"परस्न काय त्याला एकट्यालाच पडला? आमी बी आडावर पानी शेंदताना इचारतो, म्या कोन. आन घागर घिऊन घरी येतो!"

"पण उत्तर मिळालं का?"

गोजरबाईंनी पदर सावरला. "न्हाई बा," त्या म्हणाल्या. "पर घागर तर भरली."

मग गहिनीनाथ उठला, तो म्हणाला चांगुणाचं बरोबर. मागची दोन पोरं उठली, ती म्हणाली आजीचं बरोबर. महिनाभर कुलूप लावून बसलेली अकराही तोंडं एकदम उघडली! बायका ओरडत होत्या, पोरं ओरडत होती, भीमा गुरव घंटा वाजवून सगळ्यांना गप्प करू पाहत होता. आणि पुण्याची तिन्ही माणसं वह्या काढून भराभरा लिहून घेत होती. सरांनी डोळे मिटून मनातल्या मनात देवबापाचे आभार मानले.

तेवढ्यात अध्यक्षांनी पेन थांबवलं.

"एक शंका. ही कृपा कोण? या कादंबरीत कृपा नावाचं पात्रच नाही."

"हाय की!" साठ बायका एका सुरात म्हणाल्या.

"नाही हो! बारा वर्षं शिकवतोय मी!"

गहिनीनाथने पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं. अध्यक्षांनी चष्मा वर केला. "हे तर पेन्सिलीने लिहिलंय. 'कृपाच्या बाबांना भेटणे. हंगामी शब्द काढू नये. निळा सदरा घालणे.'" त्यांनी सावकाश मान वळवली. "प्राध्यापक भिंगारदिवे?"

तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं सरांच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

"माझी आहे ती! निरंजनाची नाही, माझी! नगरला आहे! दोन वर्षं थांबलीय! तुम्ही मला कायम केल्याशिवाय तिचा बाप तारीख देत नाही आणि ही गोजरबाई मला माझं पुस्तक देत नाही! मी कोण, मी कोण! मी हंगामी आहे, दुसरं कोण!"

कढईतली लापशी रटरटत होती, तेवढाच काय तो आवाज. सर मटकन खाली बसले. संपलं सगळं! नोकरी, कृपा, इभ्रत, सगळं लेकाचं एका पेन्सिलीपायी गेलं.

गोजरबाई मात्र सावकाश उठल्या. त्यांनी पुस्तकावर फूल ठेवलं.

"पोथीला फळ सांगावं लागतं," त्या म्हणाल्या. "लिव्हनारा इसरला, म्या सांगते. जो ही पोथी मनापासनं वाचंल, त्याची नोकरी कायम हुईल. आन त्याची किरपा त्याच्या घरी येईल." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "काय सायेब? पोथी खोटी पाडू नगा."

अध्यक्षांच्या हातात भीमाने लापशीचा द्रोण ठेवला होता. अशा वेळी माणूस काय बोलणार!

महिन्याभराने विद्यापीठाचं पत्र आलं. 'गटचर्चेत विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. ग्रामस्थांचा अपूर्व. प्राध्यापकांचा सहभाग असंबद्ध व वैयक्तिक स्वरूपाचा. तथापि सेवेत कायम करण्यास हरकत नाही.'

सरांनी धर्मशाळेकडे अक्षरशः धाव घेतली. कृपाला ते पत्र पाठवायचं होतंच, पण आधी पुस्तक घ्यायचं होतं, समासासकट! दारात चपलांचा हा ढीग! आत पाहतात तर मिरजगावचे दोन हंगामी मास्तर, एक उमेदवार तलाठी आणि पाटबंधाऱ्याचे तीन रोजंदारी कारकून ओल्या केसांनी रांगेत बसलेले.

"तुमचा वर्ग आजपासनं लिंबाखाली," भीमा गुरव म्हणाला. "हितं आता जागा न्हाई. लोकं लांबलांबून येत्यात, सर. तुमाला फळ मिळालं ना!"

"आणि माझं पुस्तक?"

भीमाने चौरंगाकडे बोट दाखवलं. पुस्तकापुढे कपाळाला भस्म लावून, मांडी घालून साक्षात प्रभारी प्राचार्य बसले होते. सरांना पाहून ते जरासे ओशाळले.

"भिंगारदिवे," ते हळूच म्हणाले, "पानं तीनशे बाराच ना हो? आणि हे तुमचं निळ्या सदऱ्याचं वगैरे गाळलं तर चालतं का?"

"अक्षर गाळायचं न्हाई!" मागून गोजरबाईंचा आवाज आला.

प्राचार्यांनी निमूटपणे सूर धरला.