कांबळे आप्पांची बाटली

कांबळे आप्पांच्या हातात पाणी दिलं की ते लगेच प्यायचे नाहीत. पेला उजेडाकडं धरायचे, एक डोळा मिटायचे आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगायचे, "निवळ हाय!" आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. आई दिवसभर फणफणत होती. "आमचं पाणी काय गटारीचं आहे होय?"

तिला कोण सांगणार, की हा माणूस रोज सकाळी एका धरणाची तब्येत अशीच बघतो!

धरण म्हणजे काही फार मोठं नव्हे. कोल्हापूरच्या बाहेर एक मातीचा बांध, त्याच्या मागं तळं, आणि तळ्यात बदकाच्या तोंडाच्या पायडलच्या होड्या. रविवारी अर्धं गाव तिथं भेळ खायला लोटायचं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आप्पा तिथले चौकीदार. मी शाहूपुरीतल्या पाटबंधारे खात्याच्या ऑफिसातला ज्युनिअर इंजिनिअर, म्हणजे कागदोपत्री त्या धरणाचा डॉक्टर. दर पावसाळ्याआधी एक तपासणीचा फॉर्म भरायचा असे. तो मी कसा भरायचो? गेल्या वर्षीचा समोर ठेवायचा आणि उतरवून काढायचा. "बांधावर झाडे आहेत काय? नाहीत." खाली सही ठोकायची आणि चहाला जायचं.

खरी तपासणी आप्पाच करायचे. बांधाच्या पायथ्याला पाझराचं पाणी एका चरीतून बाहेर येई. ते औषधाच्या जुन्या काचेच्या बाटलीत भरायचं आणि उन्हाकडं धरायचं. बाटलीचं बूच कधीच हरवलं होतं.

"सायेब, मातीच्या धरणाला घाम येतोय. येऊ दे की! घाम निवळ असतोय. पर गढूळ आलं म्हंजे आतनं माती निघाली. त्ये रगत."

मला कॉलेजात चार वर्षं शिकवलं, पण असं कुणी सांगितलं नव्हतं.

माझं कुतूहल मात्र निराळंच होतं. पाणी बघून झालं की माणसानं तिथंच ओतून द्यावं की नाही? छे! बांध जिथं टेकडीला टेकतो, तिथं घाणेरीची दाट जाळी होती. आप्पा भरली बाटली घेऊन त्या जाळीमागं जायचे आणि रिकामी घेऊन यायचे. "तिकडं काय आहे हो?" असं विचारलं की म्हणायचे, "तुमी फारम भरा."

झाडांशी तर त्यांचं हाडवैर. मुळं बांधात शिरतात, पुढं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते, म्हणून बांधावर वीतभर रोप दिसलं की उपटलंच. एकदा एका पुढाऱ्यांनी बँड लावून बांधावर गुलमोहर लावला. फोटो निघाला. बँडवाले ढोल उतरवतात न उतरवतात तोवर आप्पांनी रोप उपटून थेट पुढाऱ्यांच्या हातात दिलं.

"माझं झाड उपटतोस?"

"व्हय. दारात लावा, सावली मिळंल."

"मी कोण हाय म्हाईत हाय का तुला?"

"हाय की. पर पाण्याला न्हाय म्हाईत!"

वरच्या साहेबांनी मला आप्पांना मेमो द्यायला लावला. आप्पांनी तो कागद उजेडाकडं धरून बघितला आणि घडी करून टोपीत ठेवला.

आप्पा रिटायर व्हायचे त्या वर्षी, ऐन मे महिन्यात, ते ऑफिसात आले. याआधी कधी आले नव्हते. मी पाणी दिलं. ते उजेडाकडं न धरताच घटाघटा प्यायले.

"आप्पा, गढूळ आलं?"

"अजून न्हाय. पर ईल. सायेब, बांधावर एक झाड हाय. मीच लपवलंय."

मी तडक स्कूटर काढली. घाणेरीच्या मागं, बांधाच्या उतारावर, छातीएवढा पिंपळ उभा होता. बुडाशी माती ओली, तीही मे महिन्यात. बाटलीभर पाण्यानं एवढी ओल होत नाही; तळ्याचं पाणी मुळांच्या वाटेनं झिरपू लागलंय, हे दोघांनाही कळत होतं.

"आमच्या कारभारणीनं, सुमननं लावलं," आप्पा म्हणाले. "बुद्धपौर्णिमेला. मी उपटाय गेलतो, तर म्हणाली, माझ्यासमोर उपटू नका. म्हटलं बरं, उद्या. तशातच ती दुखण्याला पडली आन् गेली. चार वर्सं झाली. आता ती समोर न्हाय, तरी हात जाईना. उलट रोज पाणी घालतोय." मग खालच्या वाडीकडं बघून म्हणाले, "पाऊस तोंडावर आलाय. खाली माणसं हायत. माझ्यानं व्हत न्हाय, सायेब. तुमी काडा."

चार वर्षं मी "झाडे नाहीत" म्हणून सही करत होतो. आप्पांनी एक झाड लपवलं होतं, मी तर अख्खं धरण न बघताच पास करत होतो. मला माझी लाज वाटली. खरंच वाटली.

दोन दिवसांत माणसं लावून पिंपळ मुळांसकट काढला. मी स्वतः खड्ड्यात उतरलो, एक मूळ मागं राहू दिलं नाही. चिकणमाती थरावर थर घालून धुमसानं ठोकून घेतली. आप्पा तेवढा वेळ बांधाकडं पाठ करून उभे होते. पिंपळ गाडीत घालून वाडीतल्या विहारासमोर लावला. त्या वर्षीचा फॉर्म मी बांधावर बसून भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. आप्पांनी बाटली भरली, उन्हाकडं धरली. "निवळ हाय!" आणि सवयीनं घाणेरीकडं चालू लागले. ठोकलेल्या मातीपाशी थबकले. भरली बाटली घेऊन तसेच माघारी आले.

"सायेब, तुमी विहाराकडनं जाणार काय?"

माझा रस्ता नेमका उलटा होता. "जाणार की. बसा," म्हटलं.

एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात बाटली. रस्ता सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला आप्पा माझ्या कानाशी ओरडत होते, "सावकाश की, सायेब! सांडंल!"