सासूच्या हाती लागू नये म्हणून

मी कोणाला भिऊन लिहीत नाही! कादंबरी छापून येईपर्यंत हे मी गावभर सांगत होते. आमच्या आइसलँडमध्ये घरटी एक लेखक, आणि हल्ली जो तो आपल्याच घरचं उकरून काढतो. मीही काढलं. ओस पडत चाललेलं बंदर, त्यात एकटी पडलेली सून आणि सुनेनं घासलेली भांडी पुन्हा घासणारी सासू!

नाताळच्या तोंडावर पुस्तक दुकानात आलं आणि मला सासू आठवली. माझी सासू स्टाइनवोर भांडी पुन्हा घासते, हे खरं. पण माझी आई गेली तेव्हा रात्रंदिवस मला कुशीत घेऊन बसली तीही तीच. ते कादंबरीत बसत नव्हतं!

"ओयदुन, तुझ्या आईनं वाचलं तर?"

"तर मी बोटीवर राहायला जातो," नवरा म्हणाला. "तुझं तू निस्तर!"

निस्तरलं. परगावच्या बहिणीला पाठवून दुकानातल्या सगळ्या प्रती उचलल्या आणि आमच्या गाडीच्या डिकीत कोंबल्या.

दुकानदार हाफ्लिदी हरखून गेला. "अगं, एका दुपारीत फडशा!" त्यानं दुप्पट प्रती मागवल्या आणि काचेवर पाटी लावली: 'तुफान खप!'

झालं! सारं गाव तुटून पडलं. नाताळला पुस्तकच द्यायचं, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. आणि हे पुस्तक द्यायचं कोणाला? लेखिकेच्या सासूला! शेजारणींनी दिलं, भाच्यांनी दिलं, चर्चच्या पाद्रीबाईंनीसुद्धा दिलं.

सण सरला आणि सासूनं मला पोहण्याच्या तलावावर बोलावलं. उघड्यावरच्या गरम कुंडात ती गळ्यापर्यंत बुडालेली, डोक्यावर लोकरीची टोपी, भोवती निम्मं गाव.

"या, लेखिकाबाई!"

मी उतरले. त्या वाफाळत्या पाण्यात मला हुडहुडी भरली.

"तुझ्या पुस्तकाचा ढीग लागलाय गं माझ्याकडे!"

"मग... वाचलंस?"

ज्यांनी वाचलं होतं ते सगळे एकदम आभाळाकडे बघू लागले.

"छे! सगळी हाफ्लिदीकडून बदलून आणली. एकसारखी आली की देतो ना तो बदलून! खुनाच्या कादंबऱ्या घेतल्या. काय एकेक खून आहेत, अहाहा!"

"सगळी बदललीस?"

"मग? घरच्या माणसाचं काय वाचायचं? तुझ्या मनात काही असलं तर तू मला तोंडावर सांगशीलच की!"

मी जोरजोरात मान डोलावली आणि तिला अशी मिठी मारली की टोपी पाण्यात पडली. छातीवरचा धोंडा उतरला हो! कित्येक दिवसांनी पोटभर जेवले, गाढ झोपले.

तरी म्हणते, एक प्रत ठेवली असती तर काय बिघडलं असतं?