वेंग यांचं सुधारित वजन

माणूस शुद्धीवर असेपर्यंत त्याची भूक त्याची असते. अतिदक्षता विभागात गेला की ती समितीकडे वर्ग होते.

ताइनानमधल्या त्या रुग्णालयाची (नाव सांगत नाही, समिती हळवी आहे) पोषण समिती फार कर्तव्यदक्ष. नियम एकच: किलोमागे रोज एक पूर्णांक दोन दशांश ग्रॅम प्रथिनं. मत्स्यतळ्यांचे मालक वेंग चिन-फू न्यूमोनियाने दाखल झाले तेव्हा ऐंशी किलोंचे होते. हवे होते शहाण्णव ग्रॅम, नळीतून जात बहात्तर. कारण नळी अधूनमधून बंद असे: एक्स-रेसाठी, अंग पुसण्यासाठी आणि ती नीट चालू आहे ना हे तपासण्यासाठी. उद्दिष्टपूर्ती पंचाहत्तर टक्के.

वेंग वाळत गेले. सत्तर किलोंना चौऱ्याऐंशी ग्रॅम पुरतात. पूर्ती शहाऐंशी टक्क्यांवर आली. साठ किलोंना बहात्तरच लागतात, आणि मिळत होते बहात्तर. शंभर टक्के! समितीने केक कापला.

"डॉक्टर, यांच्या बरगड्या मोजता येतात हो," त्यांची बायको युए-चिन म्हणाली. "श्वासाचं यंत्र सुटायला अंगात जोर नको का?"

"मावशी, बरगड्या आमच्या तक्त्यात येत नाहीत," समितीप्रमुख डॉक्टर त्साय मायेने म्हणाले.

युए-चिन जिन्यात बसून पोटभर रडली. मग तिच्या ध्यानात आलं, की इथे वजन पलंगच करतो, तेही गादीसकट. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत गादीखाली दोन किलो तांदूळ गेला. दहा दिवसांत वीस किलो झाला. वेंग पुन्हा ऐंशीचे झाले, आणि शंभर टक्के टिकवायचे म्हणून नळी आता अंग पुसतानाही चालू राहू लागली.

तीन आठवड्यांनी यंत्र सुटलं. वेंग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पाठीत काय टोचतंय गं?"

"गप पडा. तुमचं जेवण आहे ते."

नर्सने गादी उचलली. चौकशी बसली. तीन बैठकांनंतर निष्कर्ष निघाला, की दोष तांदळाचा नसून तक्त्याचा आहे. त्यात रकानाच कमी होता. आता तो छापला आहे: 'नातेवाइकांची तळमळ (किलोमध्ये)'. ती रुग्णाच्या वजनात मिळवतात. रकाना कोरा असेल तर तळमळ शून्य धरतात.

हसू आलं असेल तर हसून घ्या. मग तुमचा रकाना कोण भरेल, आणि किती, याचा अंदाज करून बघा. घरच्यांना मात्र विचारू नका, खरं सांगतील.