इतिवृत्तात मेलेला संपादक

“तीन महिन्यांतून एक अंक! सगळ्यांनी मिळून काढायचा, घरबसल्या काढायचा. कागद नाही, छपाई नाही, टपाल नाही. सहा आठवड्यांत पहिला अंक लोकांच्या फोनवर! सांगा बघू, यात अवघड काय आहे?”

नेव्हिल हॅनरॅहनने हे विचारलं आणि समोरच्या तिघांनी एकदम बिस्किटांच्या डब्यात हात घातला. तोंडात बिस्किट असलं की जबाबदारी घेता येत नाही, हे एवढ्या वर्षांत नेव्हिलला कळायला हवं होतं.

डेव्हनपोर्ट या बेटावरच्या गावातल्या लॉन बोल्स क्लबाची, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवणाऱ्या मंडळींच्या क्लबाची, मागची खोली दर रविवारी दोन ते सहा या मंडळींची असे. त्यांचा खेळ टेबलावरचाच, पण पट नाही की सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार होऊन एक काल्पनिक मुलूख रचायचा. बाकीच्यांनी त्या मुलखातला कुणी चोर, कुणी योद्धा, कुणी वैदू व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. गेली एकोणीस वर्षं सूत्रधार एकच, नेव्हिल. डोंगर त्यानेच रचायचे, राक्षस त्यानेच व्हायचं आणि राजकन्येचा नाजूक आवाजही वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यानेच काढायचा!

नेव्हिल थकला होता. शाळेत तो उपमुख्याध्यापक. सोमवार ते शुक्रवार पोरं, शिक्षक आणि पालक विचारत, “सर, आता पुढे काय?” शनिवारी गवत कापून झालं की बायको, मार्गो, विचारायची, “आता पुढे काय?” आणि रविवारी फासे पडले की हे तिघं त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्याच्या पाकिटात एक चार घड्या घातलेला कागद होता. त्यावर त्याने कधीकाळी स्वतःसाठी एक पात्र लिहून ठेवलं होतं: ऑडो. ओढ्याकाठी गळ टाकून बसतो. शस्त्र नाही, शत्रू नाही. कौशल्य: शीळ घालणे. एखादा तरी रविवार ऑडो होऊन टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायचं, एवढीच नेव्हिलची इच्छा उरली होती. पण त्यासाठी दुसरा सूत्रधार हवा. दुसरा सूत्रधार हवा तर नवी माणसं यायला हवीत. आणि नवी माणसं यावीत म्हणून हा अंक!

खोलीच्या भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर दोन नियम रंगवलेले होते, नेव्हिलच्याच अक्षरात. पहिला: ‘बोललं ते केलं.’ तिघांपैकी स्टाव्ह एकदा म्हणाला होता, “मी कड्यावरून उडी मारतो,” आणि खाली आपटल्यावर म्हणाला, “अरे, मी गंमत करत होतो!” त्यावर दोन तास भांडण झालं आणि दुसऱ्या रविवारी ही फळी लागली. दुसरा नियम: ‘नको असलेलं काम सगळ्यात नव्या माणसाचं.’ सगळ्यात नवी होती सिना. मूळची सामोआची, वृद्धाश्रमात परिचारिका. ती येऊन सहा वर्षं झाली होती. तिच्यानंतर कुणी आलंच नाही, त्यामुळे सहा वर्षं कप तीच धूत होती.

“लेख कोण लिहिणार?” बेरिलबाईंनी विचारलं. बेरिल डकेट, वय बाहत्तर. तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होत्या. आता खेळात चोर आणि बैठकीत इतिवृत्त लिहिणाऱ्या.

“सगळे लिहिणार! स्टाव्ह, तू बुटक्या योद्ध्यांच्या डावपेचांवर लिही.”

“मी?” स्टाव्ह दचकला. त्याची बेकरी होती. “मला फक्त केकवर लिहिता येतं! तेही पंधरा अक्षरांच्या आत.”

“सिना, तू?”

“मी कप धुते,” सिना म्हणाली. “सहा वर्षं झाली.”

“आणि तीन महिने म्हणजे फारच झाले हं,” स्टाव्हला आता उत्साह आला, कारण काम दुसऱ्याचं होतं. “लोक विसरून जातात. महिन्याला काढू या.”

इथे नेव्हिलचा तोल गेला. म्हणजे आवाज चढला वगैरे नाही, थकलेल्या माणसाचा आवाज चढत नाही. तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, “महिन्याला कशाला? दर सोमवारी काढू की! आणि उद्घाटनाला मेंढी बोलवू! आणि मी काय, रिकामाच आहे, सगळे लेख मीच लिहितो!”

कुणी हसलं नाही. खोलीत फक्त बेरिलबाईंच्या पेन्सिलीचा आवाज येत होता.

सोमवारी सकाळी इतिवृत्त आलं. ‘अंक साप्ताहिक, दर सोमवारी. लेखन: सर्व, नेव्हिल. उद्घाटनाची तारीख: आजपासून सहाव्या रविवारी. उद्घाटक: मेंढी. मेंढीची जबाबदारी: स्टाव्ह (त्याच्या मेहुण्याकडे आहेत).’ आणि हे इतिवृत्त फक्त चौघांना गेलं नव्हतं. होबार्टपासून लॉन्सेस्टनपर्यंत बेटावरच्या, हा खेळ खेळणाऱ्या यच्चयावत मंडळांना, दोनशे बारा माणसांना गेलं होतं!

नेव्हिलने मधल्या सुट्टीत फोन लावला. “बेरिलबाई, मी चेष्टेने बोललो होतो हो!”

“आवाज कसा होता ते मी लिहीत नाही, नेव्हिल. कोर्टातही कधी लिहिलं नाही.”

“पण कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल की...”

“फळीवर काय लिहिलंय?”

नेव्हिलने फोन ठेवला. अक्षर त्याचंच होतं!

पुढचे चार आठवडे नेव्हिलच्या नाकी नऊ आले. चौदा जणांनी लेख कबूल केले होते. आला एकच, स्टाव्हचा: ‘बुटक्यांचा पालक-पाई (पालक भरून भाजलेली खारी), साहित्य व कृती’. नेव्हिल पाच टोपणनावांनी लिहू लागला. वाचकांची पत्रंही त्यानेच लिहिली. त्यातल्या दोन वाचकांचं फाशांवरून कडाक्याचं भांडण लावून दिलं, आणि एकाने संपादकावर जी टीका केली ती नेव्हिलला मनापासून पटली. एवढं करूनही अर्धा अंक रिकामाच. सोमवार उजाडला की दोनशे बारापैकी निदान वीस जण विचारायचे, “या सोमवारचा अंक कुठे आहे?”

पाचव्या रविवारी तो खोलीत आला तो धपकन बसला. डोळ्यांखाली काळं झालेलं, शर्टाची बटणं वरखाली.

“उद्घाटन आठवड्यावर आलं,” बेरिलबाई म्हणाल्या. “अंक अर्धा आहे.”

“मेंढी पूर्ण आहे,” स्टाव्हने आपली बाजू मांडली.

“मुखपृष्ठ कोण करणार?” सिनाने विचारलं.

तिघंही त्याच्याकडे वळले आणि एका सुरात म्हणाले, “नेव्हिल, आता पुढे काय?”

“पुढे काही नाही!” नेव्हिलने दोन्ही हात टेबलावर टाकले. “मी मेलो! मी मेलो असं समजा, आणि काय घालायचा तो गोंधळ घाला!”

बेरिलबाईंची पेन्सिल चालू होती. नेव्हिल इतका थकलेला होता की त्याने तिकडे लक्षच दिलं नाही. तो घरी गेला, जेवला आणि झोपला.

मंगळवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. दारात एक अनोळखी बाई, हातात लाझान्याचं भांडं, डोळे भरलेले. “अल्व्हरस्टोनहून आलेय,” ती म्हणाली. “हॅनरॅहनच्या घरचे तुम्हीच ना? फार वाईट झालं हो. तुम्ही त्यांचे भाऊ का?”

नेव्हिलला काही कळेना. समजावून घ्यायचंही त्राण नव्हतं. तो म्हणाला, “हो.”

तिने त्याचा हात दाबला. “स्वतःला जपा,” म्हणाली आणि गेली.

भांडं घेऊन तो आत आला आणि त्याने इतिवृत्त उघडलं. एकच मुद्दा ठळक होता: ‘नेव्हिल मेला. उद्घाटन ठरल्याप्रमाणे.’

त्याने ताबडतोब दोनशे बारा जणांना लिहिलं, ‘मी जिवंत आहे. नेव्हिल.’ लोकांनी कळवलं, ‘मेलेल्या माणसाच्या पत्त्यावरून असली चेष्टा करणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.’ शनिवारपर्यंत अकरा लाझान्या, दोन ट्यूना माशाचे बेक आणि एक पाव्हलोवा केक जमला. मार्गोने फ्रीझर गच्च भरला आणि म्हणाली, “दोन महिन्यांचा स्वयंपाक सुटला! नेव्ह, तू अधूनमधून मरत जा बाबा.”

पण लाझान्या ही किरकोळ गोष्ट. खरी गंमत पुढेच झाली. जिवंतपणी ज्या संपादकाला पालक-पाईवर भागवावं लागलं, त्याला मेल्यावर चार दिवसांत एक्केचाळीस लेख आले! सगळे त्याच्यावर! होबार्टच्या एकाने लिहिलं होतं, ‘अठरा वर्षांपूर्वी मी एकदाच त्याच्या टेबलावर खेळलो. मी आगीत हात घालतो म्हणालो. त्याने माझ्याकडे बघून दोनदा विचारलं, नक्की? तेव्हापासून काहीही करायच्या आधी मी स्वतःला दोनदा विचारतो.’ एका बाईने लिहिलं होतं, घटस्फोटाच्या वर्षी तिला आठवड्यातून एकच दिवस बरं वाटायचं, आणि तो नेव्हिलच्या टेबलावरचा रविवार असायचा.

नेव्हिल स्वयंपाकघरात बसून हे वाचत होता. एकोणीस वर्षांत हे कुणी त्याला तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि त्याला ते किती हवं होतं हे त्यालाही आत्ताच कळत होतं. त्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि लाल पेन उचललं. लेखांत शुद्धलेखनाच्या चुका फार होत्या. आपला स्मृती विशेषांक आपणच तपासायची वेळ यावी, आणि तीही लाझान्या खात!

रविवारी उद्घाटनाला साठ माणसं आली, त्यातली निम्मी काळ्या कपड्यांत. नेव्हिल दारात उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, “मी मेलो नाही. या, बसा. मी मेलो नाही. चहा तिकडे आहे.”

लॉन्सेस्टनहून आलेले एक गृहस्थ रागावलेच. “दीड तास गाडी चालवत आलोय! एवढा मोठा हार आणलाय! निदान आधी कळवायचं तरी!”

“मी कळवलं होतं हो!”

“ती चेष्टा होती!”

हा वाद ऐन रंगात असताना स्टाव्ह मेंढी घेऊन आला. मेंढीला उद्घाटनाचं बटण दाबायचं होतं. पण तिने आधी हार पाहिला, आणि तो तिथेच उभ्याउभ्या खाऊन टाकला, लिलीसकट! मग तिला बाहेर बोल्सचं मैदान दिसलं. ते गवत म्हणजे बोल्सवाल्यांचा जीव. त्याच्यावर बूट घालून चाललं तरी अध्यक्षांना धाप लागते. मेंढी बूट घालून गेली नाही, हे खरं. ती मधोमध गेली, पाय रोवले आणि चरू लागली. तिच्यामागे स्टाव्ह, स्टाव्हच्या मागे बोल्सचे अध्यक्ष, आणि त्यांच्यामागे काळ्या कपड्यांतली तीस माणसं. या धावपळीत सिनाचं कोपर लागून बटण दाबलं गेलं आणि पहिला अंक दोनशे बारा फोनांवर वाजला.

सगळं शांत झाल्यावर चौघं मागच्या खोलीत बसले.

“आता तेवढं इतिवृत्त दुरुस्त करा,” नेव्हिल म्हणाला.

“इतिवृत्त दुरुस्त होत नाही,” बेरिलबाई म्हणाल्या. “तू ‘मेलो’ म्हणालास, म्हणजे मेलास. आपल्याकडे पात्र मेलं की माणूस काय करतो?”

“नवीन पात्र घेऊन बसतो,” स्टाव्ह म्हणाला.

“मग बस. सूत्रधाराची खुर्ची मी घेते. एकोणीस वर्षांत तू जे जे बोललास ते सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे, तुझ्यापेक्षा मला जास्त पाठ आहे.” त्या उठून नेव्हिलच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

नेव्हिल टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला. पाकिटातला कागद काढून त्याने बेरिलबाईंपुढे ठेवला. घड्यांवर कागद फाटला होता.

“ओढ्याकाठी ऊन पडलंय,” बेरिलबाईंनी सुरुवात केली. “पलीकडे वाट दोन दिशांना जाते. ऑडो, तू काय करतोस?”

एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्याने डोळे मिटले. “मी काही करत नाही,” तो म्हणाला. “मी नुसता बसतो.”

“बसलास,” बेरिलबाईंनी लिहून घेतलं.

नेव्हिलला वाटलं, याहून सुख ते काय! तेवढ्यात खांद्यावर काहीतरी ओलं पडलं. त्याने डोळे उघडले. कप पुसायचा टॉवेल होता! मागे सिना उभी होती. एवढी खूश ती सहा वर्षांत कधी दिसली नव्हती. तिने त्याच्यापुढे साठ कपांचा ट्रे आणि त्यावर संपादकाची जाडजूड फाईल ठेवली.

“हे काय?”

सिनाने फळीकडे बोट दाखवलं. दुसरा नियम. “सगळ्यात नवा माणूस कोण आहे इथे? पुढचा अंक सोमवारी हं. म्हणजे उद्या.”

अंक सोमवारी निघाला. दर्जा जेमतेम, पण आतल्या पानावरची चौकट संपादकाने जीव ओतून लिहिली होती: ‘नवीन खेळाडू पाहिजे. तातडीने. अनुभवाची अट नाही. कप धुता यावेत.’