अठरा पाउंड हवा

आधीच सांगून टाकतो. फोरमनसाहेबांच्या गाडीच्या चारही चाकांत हवा मी भरली. त्यांना न विचारता भरली, अगदी चांगल्या मनानं भरली, आणि पुढं दोन तासांत ती गुपचूप सोडूनही दिली. यातली पहिली चूक होती. दुसरीला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. पण त्यासाठी फोरमनसाहेब कोण हे सांगायला हवं, नाहीतर चाकातली हवा ही काय कबुली द्यायची गोष्ट आहे, असं तुम्हाला वाटेल.

मारोतराव जोंधळे एसटीच्या वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. नांदेडला आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून ते मला ‘सर’ म्हणतात आणि माझ्या ज्ञानावर नको तितका विश्वास ठेवतात. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली.

“सर, या. बसा गाडीत. आता तोंड उघडा.”

मला वाटलं, दातांचं काही असेल. मी उघडलं.

“आता आ म्हणा. मी थांब म्हणेस्तोवर सोडायचं न्हाई.”

मी ‘आ’ लावला आणि त्यांनी गाडी सुरू केली. पहिल्या खड्ड्यात माझ्या ‘आ’चे तीन तुकडे झाले, दुसऱ्यात जीभ चावली. फोरमनसाहेब कान माझ्याकडे लावून वीसच्या वेगानं चालवत होते. नाक्यावर उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला, आणि जाताना ड्रायव्हरनं विचारलं, “ढकलू का मामा?” मी तोंड मिटणार तोच फोरमनसाहेब ओरडले, “सोडू नका!” आमच्या शाळेतल्या एका पालकांनी मला तसं पाहिलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “दाढ लईच ठणकायली काय, सर?”

“हे काय आहे?” मी परत आल्यावर विचारलं.

“माणूस खोटं बोलतो, सर. दुखत असलं तरी बरं वाटायलं म्हणतो. आवाजाला खोटं बोलता येत न्हाई.”

गाडी काय होती तेही सांगतो. लाल, दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. कुणा हौशी देशमुखांनी हैद्राबादेहून आणलेली. पुढं ती देगलूरकडं एका गोठ्यात पडून होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. असली गाडी पळण्यासाठी केलेली असते. जमिनीपासून वीतभर उंच, आणि स्प्रिंगा इतक्या कडक की रस्त्यावरचा खडासुद्धा बुडाला मोजता येतो. ज्याच्या हाती ती लागेल तो इंजिन वाढवील, आवाज वाढवील. फोरमनसाहेबांना मात्र तिला मऊ करायचं होतं. का, ते सांगत नव्हते.

“गाडी पळवायची न्हाई सर. पाण्यावानी व्हायली पायजे.”

त्यांनी मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगांच्या लोखंडी पट्ट्या, उतरवले, एकेक पान घासून ग्रीस लावलं, एक पान काढूनच टाकलं. शॉकअपमधलं तेल चार वेळा बदललं. रबरी बुश मनासारखे मिळेनात म्हणून जुन्या टायरातून स्वतः कापले. प्रत्येक बदलानंतर मी ‘आ’. माझा घसा बसला की म्हणायचे, “तुमचं सोडा, मणका काय म्हणतो ते सांगा.” समोरच्याची तब्येत विचारायची झाली तरी ते मणक्याचीच विचारत. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी, “बसायला त्रास न्हाई ना कमरेला?” असं विचारलेलं मी ऐकलं आहे.

मग सीटकडं वळले. काथ्या झाला, फोम झाला, शेवटी सावरीचा कापूस हवा म्हणाले. एके दिवशी भिंतीपलीकडून सुमनताईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “आगं माय! गादी फाडली ह्या माणसानं!” मी धावलो. खरोखर, माहेरहून आलेली त्यांची सावरीची गादी अंगणात पोट फाडलेल्या अवस्थेत पडली होती आणि फोरमनसाहेब त्यातला कापूस सीटमध्ये मुठीमुठीनं भरत होते.

“उशाबी न्या,” सुमनताई म्हणाल्या. “अन् मलाच शिवा त्या सीटमधी.”

“तू कडक हायस,” फोरमनसाहेब मान वर न करता म्हणाले.

अख्खी कॉलनी हसत होती. मीही हसत होतो, हेही कबूल करतो.

यंदा उन्हाळ्यात मी बोर्डाच्या पेपरांसाठी आठ दिवस लातूरला गेलो. परत आलो त्या सकाळी फोरमनसाहेबांच्या दारात गाडी धुऊनपुसून उभी, तिला झेंडूची माळ, आणि आतून चहाच्या कपांचा आवाज. मी कौतुकानं जवळ गेलो तर चारही चाकं बसलेली. मला वाटलं, एवढा मोठा फोरमन, घाईत हवा बघायची विसरला. लातूरच्या मेव्हण्यानं मला नुकताच हवा भरायचा छोटा विजेचा पंप दिला होता. आकडा लावला की तेवढी हवा भरून आपोआप बंद होतो. तो कधी एकदा वापरतो असं मला झालं होतं. माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाला पस्तीस लागते, म्हणून पस्तीस लावला. चारही चाकं टणक केली, पंप स्कूटरच्या डिकीत टाकला, हात झटकले आणि आत जाऊन चहा प्यायलो. सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे त्यांनी ओळखावं आणि मग मला शाबासकी द्यावी, अशी माझी इच्छा होती.

आत एक म्हातारा माणूस खुर्चीत बसला होता. कमरेला पट्टा, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, डोळ्यांत सुरमा.

“हे हमीद उस्ताद,” फोरमनसाहेब म्हणाले. “माझे गुरू. मागच्या गल्लीत लेकीकडं असतेत.”

ती गाडी गोठ्यातून या दोघांनी आणली होती. अकरा वर्षं रविवारी रविवारी गावातल्या एका गॅरेजात तिच्यावर काम केलं होतं. चार वर्षांपूर्वी उस्ताद तिच्याचखाली काम करताना गॅरेजच्या खड्ड्यात पडले आणि पाठ कायमची गेली. रिक्षा, ॲम्ब्युलन्स, कशातही बसलं की कळ. गाडी पुढं सुरू झाली ती उस्तादांनी फोनवर ऐकली होती, पाहिली कधीच नव्हती. आज त्यांना चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. गोदावरीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच बेत होता.

चार वर्षं हा माणूस मागच्या गल्लीत पडून होता आणि मला माहीत नव्हतं. मी ‘आ’ करत होतो तो यांच्यासाठी होता.

“एखादी मोठी गाडी भाड्यानं का नाही घेतली?” मी हळूच विचारलं.

“हिच्यापायी पाठ मोडलेला माणूस दुसऱ्या गाडीत कामून बसंल, सर?”

उस्तादांना सीटवर ठेवलं. त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि म्हणाले, “मारोती, घोडी दिसरी रे, घोडी!” आमची गल्ली सिमेंटची, गुळगुळीत. गाडी खरंच वाहत गेली. मी स्कूटरवर मागं होतो. मग नाक्यावरचा स्पीडब्रेकर आला. फोरमनसाहेबांनी तो गोगलगायीसारखा घेतला, तरी चाकं दगडासारखी आपटली, आणि उस्ताद असे ओरडले की पानाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली.

“रोक रे! रोक बा!”

ॲम्ब्युलन्स आली. फोरमनसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. “सर, गाडीजवळ थांबा,” एवढंच म्हणून ते उस्तादांसोबत गेले.

मी थांबलो. बसावं म्हणून दार उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलं होतं, ‘हवा अठरा. ह्याच्यावर न्हाई.’ मी लातूरला असताना त्यांना शेवटचा उपाय सापडला होता, आणि तो चाकात होता.

आता जे केलं ते लिहायला हात जड होतो. मी स्कूटरच्या डिकीतून पंप काढला, त्याचा काटा लावला, आणि एकेका चाकातली हवा सोडत बरोबर अठरावर आणली. विज्ञानाचा शिक्षक आहे. साडेअठराही राहू दिली नाही.

हाड मोडलं नव्हतं, पण उस्ताद पुन्हा अंथरुणाला खिळले. दुसऱ्या दिवशी फोरमनसाहेबांनी हवा तपासली. अठरा. तेव्हा दोष पाट्यांत, शॉकअपमध्ये, म्हणजे आपल्या हातात, असं त्यांनी ठरवून टाकलं. गाडीवर ताडपत्री पडली. मी रोज भिंतीपलीकडं कान लावायचो. तिकडून पान्याचा आवाज येत नव्हता. उद्या सांगू, उद्या सांगू असं करता करता दीड महिना गेला.

मग एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले. दोन्ही हातांनी लोखंडी पेटी धरली होती.

“हे पाने शाळेत ठेवा, सर. दाखवायला कामाला येतील.”

“आणि तुम्हाला?”

“माझा हात गेला. आता मला कळत न्हाई. उस्तादाला वाटलं असंल, मारोत्या अजूनबी कच्चाच हाय.”

मी पेटी घेतली नाही. तिथंच, उंबऱ्यात, सगळं सांगून टाकलं. पंप, पस्तीस, खडू, परत अठरा. मला वाटलं, आता पाना डोक्यात बसणार.

“किती म्हणालाव?”

“पस्तीस.”

“चारी चाकात?”

“चारी.”

त्यांनी पेटी खाली ठेवली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलोच. “पस्तिसावर तिथं रेल्वेचं इंजिन उडलं असतं, सर! सुमन! ओ सुमन! पाटे बरोबर हायती! शॉकअप बरोबर हाय!” ते अंगणात पळाले, ताडपत्री ओढली, गाडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी दाबून बघू लागले. माफी मागायची राहूनच गेली.

सुमनताई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी ऐकून घेतलं. त्या मात्र उजळल्या नाहीत.

“दीड महिना माझा माणूस अर्ध्या भाकरीवर उठायला,” त्या म्हणाल्या. “अन् तुमी भिंतीला कान लावून गप बसलाव?”

मी उंबऱ्यातली पेटी उचलून त्यांच्या अंगणात नेऊन ठेवली.

फोरमनसाहेब म्हणाले, “चला, उस्तादाला सांगायला पायजे.” मागच्या गल्लीपर्यंत ते माझ्यापुढं चालले. दारात आल्यावर एकदम थांबले आणि भिंतीला टेकले.

“तुमी आत जा आधी.”

“का?”

“मी त्या दिवसापासून आलो न्हाई. कुठल्या तोंडानं येऊ?”

मी आत गेलो. उस्ताद पाठीवर पडून होते, नजर दाराकडं. त्यांनी मला ओळखलं. माझ्या मागं बघितलं, तिथं कुणी नव्हतं.

“सरजी, मारोती कैसा है?” ते म्हणाले. “इत्ते दिन हो गए, आया नहीं. मैं चिल्लाया करके रुस गया क्या? इत्ता दुख्याच नहीं था. उसको बोलो, उस्ताद गलती से चिल्लाया.”

दाराबाहेर फोरमनसाहेबांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

मी खाटेजवळ खाली बसलो. “उस्ताद, तुम्ही ओरडलात ते बरोबर होतं, आणि मारोतरावांचं कामही बरोबर होतं. चाकात हवा मी भरली आणि लपवायला मीच सोडली. तुमचं दुखणं आणि त्यांचा दीड महिना, दोन्ही माझ्यामुळं. मला माफ करा,” मी म्हणालो, आणि दाराकडं वळून तेच पुन्हा म्हणालो, “फोरमनसाहेब, मला माफ करा.”